घाटजाईची गंजकी तलवार

देवीच्या उजव्या हाताला ती गंजकी तलवार दिसते ना, ती बघा, पण हात लावू नका. तिची किंमतही विचारू नका. मागे शहरातले एक जण ती नवीकोरी करून देतो म्हणाले. मी त्यांना प्रसाद दिला आणि वाटेला लावलं.

पूर्वी हा घाट आमच्या निगडवाडीचे देशमुख राखायचे, असं सांगतात. राखायचे म्हणजे वतन खायचे. त्यातले तुळाजीराव तर मिशांना पीळ देण्यापलीकडे कशाला हात लावत नसत. एकदा शत्रूची टोळी घाट चढून आली, तेव्हा ते म्हणे वैरणीच्या गंजीत शिरले. त्यांचा शिपाई शिदोजी खिंडीत एकटा उभा राहिला. बायकापोरं रान गाठेपर्यंत त्यानं वाट अडवली आणि तिथंच पडला.

टोळी रिकामी घरं धुंडाळून निघून गेली. मग देशमुख बाहेर आले. त्यांनी शिदोजीच्या हातातली तलवार सोडवून घेतली आणि खिंड आपणच लढवल्याचं गावाला सांगितलं. पागोट्यात गवताच्या काड्या होत्या. लोकांनी त्या पाहिल्या, पण देशमुखांना बोलणार कोण?

दसरा जवळ आला, तसा त्यांनी हत्यारं घासून देणारा शिकलगार देवळासमोर बोलावला. त्यानं तलवार पारखली. पातं अव्वल आहे, खाचा घासून काढतो, मुठीला सोन्याचा मुलामा देतो, मग घोड्याच्या मोलाची होईल, म्हणाला. देशमुख फुशारले. पण पात्यावरचा काळा डाग कितीही घासला तरी पुन्हा उमटायचा, असं सांगतात. देशमुखांनी शिकलगारालाच शिव्या घातल्या.

तेवढ्यात शिदोजीची विधवा गिरजा तिथं आली. तलवार बघायला गाव जमलेलंच होतं.

"मुठीवरची वादी सोडा," ती म्हणाली. "आत माझ्या लुगड्याचा काठ आहे. मूठ त्यांच्या हातात सैल पडायची, म्हणून मीच गुंडाळला होता."

शिकलगारानं वादी सोडली. आतून हिरवा काठ निघाला. गिरजानं काखेतलं फाटकं लुगडं त्याला लावून दाखवलं.

देशमुख कसनुसं हसले. सोन्याची मूठ करून तलवार देवीला वाहू, म्हणजे दोघांचंही नाव राहील, असं म्हणाले.

"तुमचं नाव वैरणीत राहिलंय, देशमुख, तिथंच असू द्या. आणि या खाचा त्यांच्या हातून पडल्यात. त्या घासल्या तर मागं नुसतं लोखंड उरेल."

तिनं तलवार होती तशी देवीजवळ ठेवली. कुणी अडवलं नाही.

आजही दसऱ्याला गावातले कोयते-कुऱ्हाडीसुद्धा गाभाऱ्यासमोर मांडून पुजतात. देशमुखांच्या घरूनही एक तलवार येते, चकाचक, रेशमी म्यानातली. ती पायरीखाली, चपलांच्या रांगेत ठेवायची रीत आहे. आताचे देशमुख स्वतःच आणून ठेवतात, आणि पूजा आटोपली की आपल्या चपला शोधताना तीही उचलून घरी नेतात.