हा ओटा कोणासाठी?

वेणापूरनं जगातली 'डिझाइन नगरी' हा किताब मिळवायचं मनावर घेतलं आणि मुंबईहून सल्लागार आले, किरतनेसाहेब. जुन्या पेठेत घराघराबाहेरचे दगडी ओटे पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"परीक्षक यायच्या आत हे तोडून टाका. डिझाइन कोणासाठी तरी असतं. हे कोणासाठी? एक माणूस दाखवा, ओटे ठेवतो!"

किताबासाठी शहराचा अर्ज हेमलता औसेकर लिहीत होती. अशाच ओट्यांवर ती लहानाची मोठी झाली होती. पण ती एवढंच म्हणाली, "दाखवते. आधी पेठ तर पुरती बघा."

भर उन्हात साहेबांनी पेठ पालथी घातली. शेवटी नवे बूट चावायला लागले, तसे ते एका ओट्यावर मटकन बसले. कोण, कुठले, काही न विचारता आतून एका काकूंनी तांब्याभांडं पुढे केलं. साहेब घटाघटा पाणी प्यायले.

"घर कोणाचं हे?"

"मलाही माहीत नाही," हेमलता हळूच म्हणाली. "पण ओटा बांधणाऱ्याला ठाऊक होतं, कुणीतरी दमून येणार. तुम्हाला एक माणूस हवा होता ना, साहेब? तो आत्ताच पाणी प्यायला."

साहेब जरा बाजूला सरकले आणि शेजारची जागा हातानं पुसत म्हणाले, "बसा ना. तुम्हीही दमला असाल."