हत्तिणीला बांधलेलं बाळ

एकदा काय झालं, एक राजकन्या बारा वर्षांनी घरी आली.

तिचं नाव वेणावती, पण घरात सगळे तिला वेणू म्हणायचे. समुद्रापलीकडे एक मोठं विद्यापीठ होतं, तिथे ती शिकायला गेली होती. येताना सात पेट्या घेऊन आली. चांगल्या शिसवी पेट्या, बरं का, आणि सातही पुस्तकांनी भरलेल्या. जहाजावर बसून ती रोज मनात एकच चित्र काढायची. आपण पोचू तेव्हा जेवणाची वेळ असेल. ओसरीवर पंगत बसली असेल. आई, राजा झालेला दादा, नवी वहिनी, सगळे पाटावर असतील, आणि आईशेजारचा आपला पाट तेवढा रिकामा असेल. त्यावर बसायचं आणि सगळ्यांना सांगायचं, आता मी आले, आता या राज्यात कुणाला काही कमी पडू देणार नाही.

आणि खरंच पोचली तेव्हा काय दिसलं? ओसरी ओस पडलेली. पंगत नाही, पाट नाहीत, रांगोळीचं बोटही नाही. नोकर झाकलेली ताटं घेऊन इकडून तिकडे पळतायत. एक ताट राजाच्या दालनात, एक राणीच्या, एक आईसाहेबांच्या.

"पाट कुठे गेले सगळे?" वेणूने विचारलं.

"सरपणात गेले, ताईसाहेब," एक म्हातारा नोकर म्हणाला. "तुम्ही गेलात आणि तुमचा पाट रिकामा दिसायला लागला. आईसाहेबांना ते बघवेना, त्या आपल्या खोलीत जेवायला लागल्या. मग महाराज त्यांच्या खोलीत. मग कुणी बसेचना. नुसते पाट ठेवून करायचंय काय?"

पण खरं नवल पुढेच होतं. राणीच्या, म्हणजे वहिनीच्या, खोलीत पाळणा, पाळण्यात सहा महिन्यांचं गोरंगोमटं बाळ, आणि बाळाच्या कमरेला रेशमी दोरी बांधून ती पाळण्याच्या कडीला अडकवलेली!

"अगं वहिनी, बाळ आहे की वासरू?" वेणू म्हणाली.

राणीने दोरी सोडली. तर बाळ हळूच वर आलं. चांगलं वीतभर वर आलं आणि हवेतच पाय चोखत राहिलं.

झालं होतं असं. जन्मलं तेव्हा बाळ लाल भोपळ्यासारखं जड होतं. मग हिरड्या शिवशिवायला लागल्या, नुसत्या दुधाने भागेना. वरचं अन्न सुरू करायची वेळ आली. राजाने बाळासाठी वेगळा मुदपाकखाना बांधला, म्हणजे वेगळं स्वयंपाकघर, आणि तीन आचारी ठेवले. पण बाळ तोंडच उघडेना. मग ते हलकं व्हायला लागलं. भोपळ्याचा नारळ झाला. नारळाचं लिंबू झालं. आता तर पापड झालं होतं.

आणि पाच दिवसांवर माघी पौर्णिमा. त्या दिवशी दुपारी डोंगरावरून थोरला वारा उतरायचा. नारळाहून हलकं जे जे दिसेल ते घेऊन जायचा. धोतरं न्यायचा, टोपल्या न्यायचा, एखादं कोंबडीचं पिल्लूसुद्धा न्यायचा. आणि नेलेलं कधी परत आणायचा नाही. काय म्हणता? खिडक्या लावून घ्यायच्या? लावायचे की लोक! पण तो फटीतून येतो, बरं का.

"रडू नकोस, वहिनी," वेणू म्हणाली. "मी शिकून आले आहे ना. पाच दिवसांत बाळाला नारळाएवढं करून दाखवते."

मग तिने पहिली पेटी उघडली. त्यातून नाचणीचं पुस्तक काढलं. आचाऱ्यांनी मोड आणून ठेवलेली नाचणी घेतली. वाटली, पातळ कापडातून गाळली. पुस्तकात एकदा गाळा म्हटलं होतं, हिने तीनदा गाळली. खाली पांढरंशुभ्र सत्त्व बसलं, ते दुधात शिजवलं. चांदीच्या वाटीत घेऊन बाळासमोर बसली. बाळाने एकदा वाटीकडे बघितलं, एकदा वेणूकडे बघितलं, आणि "फुर्र" केलं. सत्त्व वेणूच्या नाकावर. बाळ आणखी हातभर वर.

दुसऱ्या दिवशी तिने दुसरी पेटी उघडली. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन सावलीत वाळवली. मंद आचेवर भाजली, भरड काढली, त्याचं खिमट शिजवलं. जिरं किती, चिमूटभर. चिमूट कोणाची? तिने तेही मोजलं. खिमट इतकं सुरेख झालं की तिन्ही आचाऱ्यांनी वास घेऊन डोळे मिटले. बाळाने ओठ मिटले. आणि ते पडद्याच्या दांडीपर्यंत गेलं.

तिसऱ्या दिवशी तिने भोपळा, रताळं आणि गाजर वाफवून कुसकरलं. शिवाय बाळाने हसावं म्हणून खोलीत एक मोर, दोन माकडं आणि ढोलकीवाला आणला. बाळ हसलं, तोंड उघडलं. वेणूने पटकन घास आत सरकवला. बाळाने तो तितक्याच पटकन बाहेर काढला. मोराने खाल्ला. बाळ गेलं छताला. शिडी लावून काढावं लागलं.

आता राजा घाबरला. म्हणाला, "वेणू, पुरे झाली तुझी विद्या. आपल्या राज्यात सगळ्यात जड काय आहे? आपली ढगी हत्तीण. बाळाला तिच्या पायाला बांधून ठेवा. बघू वारा कसा नेतो ते."

"पण दादा, दोरी तुटली तर?"

राजाने दोरीला आणखी एक गाठ मारली. त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

मग चौथ्या दिवशी वेणू बाळाला घेऊन हत्तीखान्यात गेली. दोरीचं एक टोक ढगीच्या पायाला, एक बाळाच्या कमरेला. बाळ वर पतंगासारखं तरंगतंय, खाली वेणू मांडीवर पुस्तक घेऊन बसलीय. पान उलटतंय, पण अक्षर दिसत नाही, डोळ्यांत पाणी. ढगीने सोंडेने तिचं पुस्तक हळूच बंद केलं. शहाणी होती हो हत्तीण.

दिवे लागले. हत्तीखान्याच्या कडेलाच माहुताची झोपडी होती. माहुताची बायको कोंडाई दारात चूल पेटवून भात रांधत होती. तिची चार पोरं आणि दात पडलेला सासरा भोवती बसले होते.

"ताईसाब," कोंडाईने हाक मारली, "सकाळधरनं पाहतेय, तुमच्या पोटात काय नाय. या, चार घास खावा. का आमचा भात चालायचा नाय?"

तीन दिवस बाळाच्या मागे धावताना वेणू स्वतः जेवलीच नव्हती. ती उठली. बाळाची दोरी ढगीच्या पायापासून सोडून तिने आपल्या कमरेला बांधली आणि पोरांमध्ये जाऊन बसली. बाळ तिच्या डोक्यावर तरंगत राहिलं.

कोंडाईने पातेल्याचं झाकण काढलं. मऊ डाळ-भाताची वाफ आली. तिने आधी दोन डाव भात बाजूला काढला. मग उरलेल्यात मीठ घातलं, लसणीची फोडणी ओतली.

"तो बाजूला कुणाचा?" वेणूने विचारलं.

"म्हाताऱ्याचा. त्यांना दात नाय, तिखट सोसत नाय. घरात तान्हं असलं की त्याचाबी त्यातच. लेकराला येगळी चूल कशापायी? चूल एकच. आधी बिनतिखटाचं काढायचं, मग बाकीच्यांचं चरचरीत करायचं."

मग सगळे जेवायला लागले. पोरांचे हात तोंडाकडे. माहुताचा हात तोंडाकडे. म्हाताऱ्याने बोळकं उघडलं, "आ!" आणि वरून आवाज आला, "आ!"

वेणूने मान वर केली. बाळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होतं. घास गेला की त्याचेही ओठ हलत होते. आणि बाळ खाली यायला लागलं होतं. तिच्या ताटाकडे!

तिने घाईने आपल्या ताटातला घास उचलला, तर कोंडाई ओरडली, "ओ ताईसाब! त्यात ठेचा हाय! पोराला घोड्यावानी उधळायचंय का?"

पोरं खो खो हसली. म्हाताऱ्याने आपला भात पुढे सरकवला. वेणूने त्यातला घास बोटांनी कुसकरला, तुपाचा थेंब घातला, ओठाला लावून गरम नाही ना बघितलं. बाळाने आ केलं. पहिला घास खाल्ला, बाळ तिच्या खांद्यावर आलं. दुसरा खाल्ला, मांडीवर आलं. तिसरा खाल्ला आणि जमिनीवर बसलं, धप्प! दोरी सैल पडली. ढगीने एवढा मोठा हुंकार दिला की चुलीतली राख उडाली.

वेणू बाळाला कडेवर घेऊन धावतच वाड्यात आली. राजाला काय आनंद! त्याने लगेच कोंडाईचा उरलेला भात मागवला, चांदीच्या वाटीत घातला, बाळाला मऊ गादीवर एकट्याला बसवलं, भोवती आठ दासी उभ्या केल्या. आणि बाळाने ओठ मिटले. बाळ पुन्हा वर जायला लागलं.

"तोच भात आहे हा!" राजा म्हणाला. "तेच तूप. मग झालं काय?"

वेणूने बाळाची दोरी आपल्या मनगटाला बांधली आणि ती झोपली.

सकाळी जाग आली ती वाऱ्याच्या शिट्टीने. पौर्णिमा उजाडली होती. तिने वर बघितलं. बाळ खिडकीशी तरंगत खाली अंगणात बघत होतं. अंगणात चिमण्या दाणे टिपत होत्या, सगळ्या मिळून. एकेक चोच खाली गेली, की बाळाचे ओठ हलत होते.

आणि वेणूला उमगलं. बाळ भाताकडे बघतच नव्हतं. ते तोंडांकडे बघत होतं. झोपडीत सात तोंडं जेवत होती. या वाड्यात त्याने कुणाला जेवताना बघितलंच नव्हतं. मग तोंड उघडायचं कशाला असतं, ते त्याला कळणार कसं?

ती तडक मुदपाकखान्यात गेली. राजाची चूल विझवली. राणीची विझवली. आईसाहेबांची विझवली. बाळाचीही विझवली. ओसरीवर तीन दगड मांडले आणि एक चूल पेटवली. माणूस पाठवून कोंडाईला बोलावलं, सगळ्या घरासकट. मग एकेकाला हाताला धरून आणलं.

राजा म्हणाला, "मी वाजंत्र्याशिवाय जेवत नाही."

राणी म्हणाली, "मला माझ्या खोलीतच बरं वाटतं."

आईसाहेब म्हणाल्या, "त्या ओसरीवर मी बसायची नाही. बारा वर्षं बसले नाही."

वेणू आईजवळ गेली. म्हणाली, "आई, जिच्या रिकाम्या पाटामुळे बसत नव्हतीस, ती मी आले ना गं." आणि राजाला म्हणाली, "दादा, वारा दुपारी येतोय. रागवायचं असेल तर संध्याकाळी रागव. आत्ता तांदूळ धू."

मग काय सांगू! राजाने तांदूळ धुतले, निम्मे मोरीत सांडले. राणीने मूगडाळ भाजली, एक बाजू काळी केली. आईसाहेबांनी लोणी कढवलं, आणि तुपाचा तो खमंग वास बारा वर्षांनी ओसरीवर दरवळला. भात जरा खाली लागला. पण वेणूने वरचा मऊ भात काढला, सगळ्यांच्या ताटात पहिला घास बिनमिठाचा वाढला. पाट नव्हतेच, म्हणून सगळे पोत्यांवर बसले. राजा, माहूत, राणी, कोंडाई, पोरं, म्हातारा, सगळे गोल. मध्ये बाळ तरंगतंय.

सगळ्यांनी आ केलं. राजानेही केलं. बाळ एकेकाकडे बघत फिरलं. आणि मोठ्ठं आ केलं.

एका घासाला लिंबू झालं. आईसाहेबांनी दुसरा भरवला, नारळ झालं. राणीने तिसरा भरवला, तर चांगलं भोपळ्यासारखं जड होऊन राजाच्या मांडीवर आदळलं, धप्प!

तेवढ्यात थोरला वारा आला. ओसरीभर फिरला. बाळाचं अंगडं ओढून बघितलं. पापणीसुद्धा हलेना. बाळ आपलं बोट चोखत बसलेलं. मग वारा चिडला आणि राजाचा फेटा घेऊन निघून गेला.

"जाऊ दे," राजा म्हणाला. "आणखी भात आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं माहीत आहे? वेणू लवकर उठली. सुताराला बोलावलं. सातही पेट्या उघडून सगळी पुस्तकं तिने स्वयंपाकघराच्या फळीवर लावली, मिठाच्या बरणीशेजारी. वाचायची तर होतीच, पण आता चुलीपाशी बसून. मग रिकाम्या पेट्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "या फोडा, आणि यांचे पाट करा. जेवढे होतील तेवढे. आणि एक इवलासा करा."

सुताराने पाट केले. इवल्या पाटावर बाळ बसलं. आईशेजारच्या पाटावर वेणू बसली. त्या घरात मग रोज पहिला घास बिनमिठाचा खाल्ला जायचा, आणि कुणीही पुन्हा छताला लागलं नाही.

चला, आता पांघरूण घ्या. जेवलात ना सगळे पोटभर? मग झालं. तुम्हीही भोपळ्यासारखे जड झालात, तुम्हाला कुठला वारा नेतोय! मिटा डोळे.