पाय किती बुडतो

“...पण शून्यच का?”

तांडेल गुरुजींनी मान वर न करताच विचारलं.

खाडीचं पाणी ओसरलं होतं. बांधापासून वीसेक पावलांवर, उघड्या पडलेल्या चिखलात, एका रुंद फळीवर गुडघे टेकून ते शिंपल्या वेचत होते. गावच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. आता शाळेच्या समितीचे अध्यक्ष.

बांधावर निनाद उभा होता. नवा विज्ञानशिक्षक, विद्यापीठात भौतिकशास्त्रात दुसरा आलेला. हातात तालुक्याच्या विज्ञान परीक्षेला जाणाऱ्या मुलांची यादी. चार वाजेपर्यंत ती पोचवायची होती, आणि गुरुजींच्या सहीशिवाय ती कुणी घेणार नव्हतं.

“कारण उत्तर चुकलंय, गुरुजी.”

“कुणाचं म्हणालात?”

“चैताली नाखवा. सातवी. ‘दाब म्हणजे काय?’ एवढा साधा प्रश्न. पुस्तकात चौकटीत छापलंय: एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लागणारं बल म्हणजे दाब. आणि हिने काय लिहिलंय, ऐका.” त्याने पेपर उलगडला. “‘पाय किती बुडतो, तो दाब.’”

गुरुजी हसले नाहीत.

“पाय किती बुडतो...” ते स्वतःशीच म्हणाले.

“ना बल, ना क्षेत्रफळ! यांना वजन आणि दाब एकच वाटतात. दहादा सांगितलं, घोकून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.”

“म्हणजे ती यादीत नाही.”

“नाही.”

“या परीक्षेतून निवडलेल्या मुलांना शहरातली शाळा मिळते. वसतिगृह मिळतं.”

“म्हणूनच लायक मुलं जायला हवीत. तुम्ही सही करा, मी निघतो.”

“मग या इकडे. भरती यायच्या आत मला टोपली भरायचीय. बांधाला दुसरी फळी टेकवलीय, ती घ्या.”

निनादने फळीकडे पाहिलं. गुडघे टेकून, रांगत, सरकत जायचं...

शाळेत रुजू झाला त्या दिवशी सगळे शिक्षक गुरुजींच्या पाया पडले होते. त्याने हात पुढे केला होता. माणसाने माणसापुढे वाकू नये, असं त्याचं मत होतं, आणि ते तो न विचारताही सांगत असे.

“वीस पावलं तर आहेत,” तो म्हणाला आणि बूट घालूनच उतरला.

पहिली चार पावलं घोट्यापर्यंत गेली. पाचवं पोटरीपर्यंत. सहावं गुडघ्यापर्यंत.

त्याने उजवा पाय जोर लावून उपसला. बूट आतच राहिला, आणि डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला.

“गुरुजी!”

“वजन वाढलं का हो तुमचं?”

“चेष्टा नको!”

“चेष्टा नाही, सर. बांधावर होतं त्यापेक्षा वाढलं?”

“वजन कसं वाढेल? तेवढंच आहे!”

“मग?”

“एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. क्षेत्रफळ निम्मं... दाब दुप्पट...”

तो थांबला.

“बरोबर,” गुरुजी म्हणाले. “पुढे?”

“पुढे काय! ओढा मला!”

“मी ओढलं तर दोघंही इथेच. ते कागद द्या आधी.”

गुरुजी फळी सरकवत आले. यादी, पेपर, यादीला खोचलेलं पेन, सगळं त्यांनी बंडीच्या खिशात ठेवलं.

“हं. आता लोटांगण घाला.”

निनादचे कान तापले.

“मी तुमच्या पाया पडलो नाही, त्याचा हिशेब आज चुकता करताय?”

“मला कशाला? मी बाजूला होतो.”

आणि गुरुजी खरंच बाजूला झाले. निनादच्या समोर नुसता चिखल उरला.

खाडीच्या तोंडाशी पाण्याची एक रेघ चमकू लागली होती.

“हात पसरा. छाती टेका. पोट टेका. हनुवटीसुद्धा.”

“अहो, शर्ट...”

“शर्ट नाही बुडत, सर.”

निनादने एकदा त्या पाण्याच्या रेघेकडे पाहिलं. ती मघापेक्षा रुंद झाली होती.

तो आडवा झाला.

चिखल गार होता. नाकाशी शेवाळाचा वास आला. तो बुडायची वाट पाहत राहिला...

बुडाला नाही. ज्या चिखलाने एक पाय मांडीपर्यंत गिळला होता, त्याच चिखलाने अख्खा माणूस खाटेसारखा वर तोलून धरला. पाय हळूहळू सैल झाला. दुसरा बूटही आत ठेवून बाहेर आला.

निनाद पोटावर सरपटत बांधापर्यंत गेला. वर चढून बसला.

गुरुजी टोपली घेऊन मागोमाग आले. हात धुतले, धोतराला पुसले, आणि कोरडे कागद त्याच्यापुढे ठेवले.

“सांगा, सही कुठे करू?”

“थांबा.”

निनादने पेन घेतलं. यादीच्या तळाशी लिहिलं: चैताली नाखवा. नावाशेजारी चिखलाचा अंगठा उमटला. तो त्याने पुसला नाही.

गुरुजींनी सही केली.

मग निनादने तिचा पेपर पुढे ओढला. शून्यावर काट मारली. पेन तिथेच अडलं...

“गुरुजी, पाचपैकी किती देऊ?”

गुरुजींनी त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं.

“किती बुडाला होतात?”