रूथबाईंची साक्ष

डोक्यावर हात ठेवून, प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या ब्रदर सॅमसनच्या मांडवात आजाऱ्यांची रीघ लागे, तरी रविवारी गाव आमच्या म्हाताऱ्या पाळकांच्याच चर्चमध्ये जाई. ब्रदर मनातून जळत असे. एकदा भरसभेत पाळकांना पाहून तो माईकवर गरजला, "यांच्या हातून एक तरी चमत्कार झालाय? असेल तर साक्ष द्या. नाहीतर चर्चला कुलूप लावा!"

पाळकांनी मान खाली घातली. विधवा रूथबाई उठल्या.

"ब्रदर, तुम्ही हात ठेवूनही माझे मालक वारले. तुम्ही म्हणालात, बाईचा विश्वास कमी पडला."

"पडलाच!"

"त्या दिवशी माझा विश्वासही मेला. मग पाळकसाहेब वर्षभर माझ्या ओसरीवर येऊन बसले, तेव्हा तो पुन्हा उठला. मेलेलं उठवलंय का कधी तुमच्या मांडवात?"