घोडीच्या खुरावरच्या वळ्या

लांबचा प्रवास म्हणजे घोडा, नाहीतर आपले दोन पाय, असा एक काळ होता. त्या काळी एका डोंगराळ मुलखात एक तांबडी घोडी होती. तिच्या गळ्यावर केसांचा एक भोवरा होता, वर वळलेला. आणि मानेवर, आयाळीखाली झाकलेला आणखी एक, खाली वळलेला. आता माणसाच्या डोक्यावर भोवरा असतो तसाच घोड्याच्या अंगावर. त्यात काय एवढं? पण तिथली माणसं घोडा घेताना आधी भोवरे बघत, मग दात. पाय तर कुणी बघतच नसे. बाजारात भोवरे वाचून सांगणारे जाणते बसलेले असत आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय सौदा होत नसे.

गढीवरच्या सरदाराने ही घोडी अशीच घेतली. जाणत्याने गळ्यावरचा भोवरा बघितला आणि सांगितलं, की ही ज्याच्या दारात उभी राहील त्याच्या घरी काही कमी पडायचं नाही. सरदार मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. त्याने घोडीला वाजतगाजत आणलं, ओवाळलं आणि घराच्या दाराकडे तोंड करून बांधलं. तिच्यावर बसायचं नाही, तिला फिरवायचं नाही. ती वेशीबाहेर गेली आणि भाग्यही तिच्या मागोमाग चालू लागलं तर? येणारा-जाणारा तिला गूळ भरवी, हरभरे भरवी आणि हात जोडून पुढे जाई.

घोडीला पळायचं होतं. ती दोर ताणायची, तर लोक म्हणायचे, बघा कशी डौलात उभी आहे! एकदा का एखाद्याचा देव केला, की बाई तुला काय हवंय, हे त्याला कुणी विचारत नाही.

नुसतं उभं राहून आणि गूळ खाऊन घोडीच्या पायांत आग पेटली. खूर वाढून पुढे वळले. ती कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकू लागली. त्याच वर्षी गढीचा एक बुरूज ढासळला आणि कोठारातलं धान्य किडलं. सरदाराने जाणत्याला बोलावलं. या खेपेला जाणत्याने आयाळ उचलली, खालचा भोवरा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. घोडी अपशकुनी ठरली. ज्या हातांनी गूळ भरवला त्याच हातांनी तिला ढकलत दाराबाहेर काढलं आणि रस्त्याने चाललेल्या एका मीठवाल्याच्या गळ्यात बांधलं.

मीठवाल्याने विचार केला, अपशकुनी तर अपशकुनी, मेली तरी आपलं काय जातंय? म्हणून सगळ्यांत जड गोण्या तिच्या पाठीवर. पावसाने मीठ भिजलं, तर घोडीमुळे. खेचर घसरलं, तर घोडीमुळे. मीठवाल्याची दाढ ठणकली, तीही घोडीमुळेच! प्रत्येक वेळी तिच्या पाठीत काठी बसे. पाठीला जखम झाली, तिच्यात मीठ उतरलं. ऐकवत नाही ना? सांगवतही नाही. चला पुढे.

घाटाच्या पायथ्याशी एका गावात घोडी खाली बसली, ती उठेचना. मीठवाला काठी चालवत होता, एवढ्यात तिथून आवडाक्का चालली होती. आवडाक्का म्हणजे त्या डोंगरातल्या सगळ्या वाड्या-पाड्यांची सुईण. गुडघे दुखायचे, तरी चालत जायची. तिला एकच खोड होती, ती म्हणजे विचारायची. मुंग्या रांगेतच का चालतात, इथपासून चंद्राला खळं का पडतं, इथपर्यंत तिला सगळं कळायला हवं असायचं. तिने विचारलं, घोडीने केलं तरी काय? मीठवाल्याने पावसापासून दाढेपर्यंत सगळं गाऱ्हाणं सांगितलं.

"होय रे दादा," आवडाक्का म्हणाली, "ही यायच्या आधी तुझी दाढ कधी दुखलीच नाही का?"

मीठवाल्याने खरोखरच विचार केला. मग त्याला राग आला. त्याने गोण्या खेचरांवर टाकल्या आणि घोडीला तिथेच सोडून तो निघून गेला.

आवडाक्काने घोडी घरी नेली आणि गावाचं धाबं दणाणलं. सुईणीच्या दारात अपशकुनी जनावर! पाटलाने येऊन बजावलं, की एका जरी बाळंतिणीचं वाईट झालं, तर यापुढे तुला कुणी बोलावणार नाही. आवडाक्का घाबरली. तिचं पोट याच कामावर होतं. पण एवढं चांगलं जनावर असं का झालं, हे कळल्याशिवाय तिला चैनही पडेना.

अडलेल्या बाईला बघावं तसं तिने घोडीला बघितलं. पाठीला हळद लावली. मग दुखरा पाय समजून भलताच पाय शेकला आणि लाथ खाल्ली. शेवटी नालबंदाला बोलावून वाढलेले खूर कापून घेतले, गूळ-हरभरा बंद करून सुकं गवत घातलं आणि घोडीला नदीकाठच्या मऊ वाळूत मोकळं सोडलं.

तेव्हा तिला दिसल्या त्या खुरावरच्या वळ्या. आडव्या, वेड्यावाकड्या. नालबंद म्हणाला, असतात कुणाकुणाच्या. एवढ्यावर थांबेल ती आवडाक्का कसली? ती रोज बघू लागली. नख वाढतं तसा नवा खूर वरून येत होता, चांगला गुळगुळीत, आणि वळ्या हळूहळू खाली सरकत होत्या. म्हणजे या वळ्या मागल्या दिवसांच्या! वरच्या मीठवाल्याकडच्या आणि खालच्या त्याही आधीच्या. मग तिने गढीवर जाणाऱ्या-येणाऱ्यांना विचारून विचारून घोडीची सगळी हकिकत गोळा केली. एक गोष्ट मात्र तिला चक्रावून गेली. सगळ्यांत खोल वळी काठीच्या दिवसांची नव्हतीच.

घोडी बरी झाली, धावू लागली. आवडाक्का तिच्यावर बसून लांबलांबच्या पाड्यांवर वेळेत पोचू लागली. मुलं जन्मायची तशी जन्मत राहिली आणि गावाची कुरकूर आपोआप थांबली.

एका दुपारी गढीवरून निरोप आला, की सरदाराची सून अडलीय. चालत गेली असती तर आवडाक्काला दिवस मावळला असता. घोडीने तिला उन्हातून चढावरून थेट दारात नेलं. बाळ आडवं आलं होतं. थोडा जरी उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती. पण बाळ रडलं, आई वाचली आणि सरदाराच्या डोळ्यांना पाणी आलं.

बाहेर येताच त्याने घोडी ओळखली. जाणता तिथेच होता. त्याने गळ्यावरचा भोवरा बघून सांगितलं, की भाग्य आपल्या पायांनी परत आलंय. झालं! दोर आला, गुळाचं ताट आलं आणि घोडी पुन्हा जुन्या जागी, दाराकडे तोंड करून बांधली गेली. सरदार म्हणाला, आक्का, हवं ते माग, पण घोडी आता इथेच राहील.

आवडाक्काच्या तोंडचं पाणी पळालं. घोडी गेली तर लांबचे पाडे तुटले आणि घोडीचे पाय तर पुन्हा जाणारच. सरदाराला नाही म्हणायची तिची काय टाप? पण विचारायला कुणाची बंदी नव्हती.

"सरकार, मला काही नको. एवढंच सांगा, ही तेव्हा अपशकुनी होती, आज भाग्याची झाली. यातला भोवरा कुठला हलला?"

जाणत्याने बघितलं. दोन्ही भोवरे जागच्या जागी होते.

आवडाक्का खाली बसली आणि तिने घोडीचा पाय मांडीवर घेतला. "हा वरचा गुळगुळीत खूर माझ्याकडचा. या मधल्या वळ्या मिठाच्या गोण्यांच्या. आणि ही सगळ्यांत खालची, सगळ्यांत खोल आहे ना, ही तुमच्या गुळाची. मारणाऱ्यापेक्षा पूजा करणाऱ्याने हिला जास्त दुखवलंय, सरकार. भोवरे ती जन्मताना घेऊन आली. वळ्या आपण दिल्या."

सरदाराने वाकून त्या वळीवर बोट ठेवलं. बोट आत बुडलं. मग त्याने स्वतःच्या हाताने दोर सोडला आणि आवडाक्काच्या हातात दिला.

गढीवर आणखी भाग्यवान घोडे होते, सगळे तबेल्यात असेच दाराकडे तोंड करून बांधलेले. सरदार तबेल्यात गेला, भरजरी अंगरख्यासकट लिदीत बसला आणि एकेका घोड्याचा पाय उचलून बघू लागला. दिवस मावळेपर्यंत तो बाहेर आला नाही. दुसऱ्या सकाळी गढीचा दरवाजा सताड उघडला आणि सगळे घोडे माळावर सोडले गेले. आधी ते नुसते उभेच राहिले. मग एक लंगडत धावला, त्याच्या मागे बाकीचे.

त्या वर्षापासून तिथल्या बाजारात लोक आधी पाय उचलून बघू लागले. जाणत्यांना दुसरे उद्योग शोधावे लागले.

ज्याला आपण सांभाळतो त्याच्या अंगावरच्या खुणा वाचण्याआधी, आपण त्याच्यावर कोणत्या खुणा केल्या ते बघावं.