कवड्या आणि बाळंतिणीचा पेंढा

पूर्वी पोतली नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या कुंभारआळीत एका कुत्रीच्या पोटी जन्माला आला. पांढऱ्या अंगावर कवड्यांसारखे ठिपके, म्हणून सगळे त्याला कवड्या म्हणत. तिस्स कुंभाराच्या दारात तो वाढला. तिस्साची बायको सामा हिला पहिली मुलगी झाली, तेव्हापासून तो त्या मायलेकींच्या पायथ्याशी निजू लागला.

त्या आळीत एक रीत होती. बाळंतिणीला पेंढ्याच्या अंथरुणावर निजवायचे, आणि सव्वा महिना तो पेंढा हलवायचा नाही. हलवला तर लेकराची ऊब जाते, असे म्हणत.

थोड्याच दिवसांत कवड्याला खाज सुटली. मागे वळून तो शेपटीच्या मुळाशी चावे, मांड्या चाटे, भिंतीला पाठ घाशी. केस गेले, कातडी लाल झाली. कुंभारांकडे कशावरही औषध एकच, आव्यातली, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीतली राख. भाजले, लावा राख. कापले, लावा राख. तिस्साने कवड्यालाही राखच फासली. कातडी आणखी कोरडी पडली, तिला भेगा पडल्या, आणि तो बिचारा जास्तच खाजवू लागला.

सामाचा जीव खालीवर होई. पोरीला काही झाले तर? मग एका सकाळी लंगोट बदलताना तिला लेकीच्या घोट्यावर लाल ठिपके दिसले.

"आत्याबाई, बघा ना इकडे. हे काय उठलंय?"

सासू वाकली. "खरूज गं बाई! त्या कवड्याचीच. बाहेर बांध म्हणून कंठशोष केला मी. पण तुला कुत्रं लेकरापेक्षा लाडकं."

"असं नका हो बोलू," सामा रडवेली झाली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याला नदीपलीकडे सोडून या."

कवड्या मुकाट्याने होडीत चढला आणि घराकडे तोंड करून बसला. सामा चटकन आत गेली, म्हणजे बघायला नको.

कुत्रे गेले, पण पोर काही बरी होईना. उलट जास्तच किरकिरू लागली. ठिपके घोट्यांवरून पोटऱ्यांवर चढले. सामाच्याही पायांना खाज सुटली.

"बाधा आहे, उतरेल," असे म्हणत शेवटी सासू राखेची वाटी घेऊन आली. "आण तिला इकडे."

सामाच्या डोळ्यांपुढे कवड्याची भेगाळलेली पाठ आली. तिने लेकीला उराशी धरले. "नको आत्याबाई. थोडं थांबा."

तेवढ्यात अंगणात तिस्स ओरडला, "अरे, हा कुठून आला!"

कवड्या नदी पोहून आला होता. अंगातून पाणी निथळत होते. तिस्साने काठी उचलली, पण सामा त्याच्या पाठीकडे बघतच राहिली. भेगा बुजल्या होत्या. लाली गेली होती. नवे मऊ केस आले होते.

"मारू नका! अहो, हा तर बरा झालाय!"

कवड्या थेट आत गेला. पायथ्याच्या पेंढ्यात लोळला. मग बाहेर येऊन त्याने वाळत घातलेल्या ओल्या दुपट्यावर अंग झाडले. पांढऱ्या कापडावर बारीक काळे कण पडले. काही टुणकन उडाले. जे उडाले नाहीत ते ओलाव्यात विरघळले, आणि त्यांचे तांबडे डाग पसरले.

सामाने डागावर बोट टेकवले. "आत्याबाई, हे पिसवांनी पिऊन टाकलेलं रक्त आहे. पिसवा आहेत या! खरूज नाही काही. हा पायथ्याशी होता तोवर याला चावत होत्या. हा गेला, आता आपल्याला खातायत. सगळ्या त्या पेंढ्यात आहेत."

"पण सव्वा महिना व्हायचाय गं. पोरीची ऊब..."

"ऊब मी देईन तिला."

 मग सासूनेच खराटा उचलला.

पेंढा आव्यात गेला. जमीन कानाकोपऱ्यासकट झाडून सारवली. गोधड्या कडक उन्हात पडल्या. कवड्याला राखेऐवजी साध्या पाण्याने धुतले, फणीने त्याचे केस विंचरले. पुन्हा पुन्हा हे सगळे केले, तेव्हा कुठे पिसवा संपल्या आणि पोरीचे ठिपके मावळले. एका दुपारी ती इतकी गाढ झोपली की सामाने दोनदा नाकाशी बोट धरून पाहिले. मग तीही आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

बाहेर सासूने कवड्यापुढे पेजेचे वाडगे ठेवले. "खा रे. आणि माझ्याकडे असा बघू नकोस."

ही कथा समोर बसलेल्या उपासकांना सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "त्या वेळची सामा म्हणजे मांडीवर लेकरू घेऊन इथे बसलेली ही उपासिका. तिची सासू म्हणजे शेजारची ही वृद्धा, आणि तिस्स म्हणजे दाराशी उभा असलेला हिचा नवरा. कवड्या मी होतो. पलीकडच्या काठावर मऊ वाळू होती, कोळ्यांनी टाकलेली मासळी होती, आणि अंगाला खाज नव्हती. तरी तो पोहून आला आणि जाणूनबुजून त्याच पेंढ्यात लोळला. उपासकहो, याला मैत्री म्हणतात."