आडवा हात

"मग तिनं करायचं तरी काय, आक्का? हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी बोला..."

भानुदासनं विचारलं, तरी मठ चालवणाऱ्या आक्का ताक घुसळत राहिल्या.

भानुदासचं डोकं सकाळपासून तापलं होतं. मठाच्या ओट्यावर मंजुळा बसली होती. बावीस वर्षांची मुलगी, लग्नाआधीच दिवस गेलेले. लग्नाचा शब्द देणारा सुरतेला पळाला होता, त्याचा फोन बंद होता. तिला घेऊन आलेल्या मंडळींनी मठ नुसता डोक्यावर घेतला होता. बापाचं म्हणणं, आत्याच्या विधुर दिराशी लग्न उरकून टाकू. आत्याचं म्हणणं, तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडून गुपचूप मोकळी करून आणू. दाराशी जीप उभी होती. आक्का म्हणतील तिकडं ती वळणार होती.

भानुदासनं दोघांनाही गप्प केलं होतं. मूल होऊ द्यावं आणि दत्तक देणाऱ्या संस्थेत सोपवावं, हा त्याचा निवाडा. इतकी वर्षं मठात काढलेला माणूस, त्याला एवढंही कळू नये होय? फक्त आक्कांनी मान डोलवायची बाकी होती. आणि आक्कांना ताकातून सवड नव्हती.

"आधी जेवून घ्या सगळे," त्या म्हणाल्या.

बाप आणि आत्या पंगतीला बसले. भानुदासही धुसफुसत पानावर बसला. मठाची रीत अशी, की जेवणारा पानावर हात आडवा धरत नाही तोवर वाढत राहायचं. हात आला की थांबायचं. नव्या माणसाला भानुदास ही रीत मोठ्या तोऱ्यात शिकवायचा.

आक्कांनी त्याला भात वाढला. पुन्हा वाढला. भानुदासनं हात आडवा धरला.

आक्कांनी हातावरच भात वाढला.

म्हातारीला दिसेनासं झालं की काय, असं त्याला वाटलं. "पुरे, आक्का."

"तुला नाही कळायचं. तुझ्या भल्याचंच आहे."

आणि त्यांनी वरून ताक ओतलं. ते त्याच्या बोटांवरून ओघळून धोतरावर गेलं.

आता मात्र भानुदासचा तोल सुटला. सगळी पंगत बघत होती, तरी त्याचा आवाज चढला.

"पान माझं, पोट माझं. मला विचाराल की नाही?"

आत्याचा घास हातातच राहिला. बाप खाली बघत भात कालवू लागला...

ओट्यावर मंजुळानं मान वर केली. सकाळपासून कोणी तिच्याशी बोललं नव्हतं, पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

आक्कांनी ताकाचं भांडं भानुदासच्या ओल्या हातात दिलं.

"ऊठ. त्या पोरीचं पान मांड. आणि विचारून वाढ."